अर्ध्या पगारावरचा लेफ्टनंट आणि कॅनडातलं जंगल

1815 ला नेपोलियनची युद्धं संपली आणि ब्रिटिश सैन्यातले हजारो अधिकारी एकदम बिनकामाचे झाले. त्यांना अर्ध्या पगारावर घरी बसवलं, पण त्या पैशात साहेबी थाट कसा निभणार? मग जमीन मिळते म्हणून बरेच जण अप्पर कॅनडाला, म्हणजे आजच्या ओंटारियोला गेले.

त्यातलाच एक जॉन डनबार मूडी. ऑर्कनी बेटांवरचा, 21 व्या फ्युझिलिअर्स या पायदळ रेजिमेंटचा लेफ्टनंट, 1814 मध्ये हॉलंडमधल्या बर्गेन-ऑप-झूमला मनगटाला गोळी लागलेली. मधली दहाएक वर्षं दक्षिण आफ्रिकेत काढली, 1831 ला लेखिका सुझॅना स्ट्रिकलँडशी लग्न केलं आणि 1832 ला बायको आणि तान्ही मुलगी घेऊन जहाजात बसला.

आधी कोबर्गजवळ तयार शेत घेतलं, मग 1834 मध्ये पीटरबरोच्या उत्तरेला डूरोच्या जंगलात गेले, कारण मेव्हणा सॅम्युअल आणि साडू थॉमस ट्रेल (तोही त्याच रेजिमेंटचा!) तिथेच होते. ही जमीन मुळात मिसिसागा या तिथल्या आदिवासी लोकांची, 1818 च्या करारात सुमारे साडेएकोणीस लाख एकर फक्त वर्षाला 740 पौंडांवर घेतलेली, हे विसरून हा इतिहास सांगताच येत नाही.

मूडीने लष्करातलं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, विकलं आणि ते पैसे स्टीमबोटच्या शेअर्समध्ये घातले, त्यातून जवळजवळ काहीच आलं नाही. मला वाटतं खरा घात इथेच झाला, कारण जंगलात सगळ्यात जास्त टंचाई रोख पैशाची, झाडं तोडायला, ओंडके जाळायला मजूर लागतात आणि साहेबाला कुऱ्हाडीची सवय नाही. शेजारी इर्जिकीसारखे जमायचे पण त्यांना जेवण आणि व्हिस्की द्यावी लागायची. कर्ज वाढत गेलं.

शेवटी 1837 ला अप्पर कॅनडात सरकारविरुद्ध बंड झालं आणि मूडी मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यात, कॅप्टन म्हणून गेला, तो पगार घरी येऊ लागला तेव्हा कुठे कर्ज फिटायला लागलं. मागे सुझॅना पोरं घेऊन एकटी शेत सांभाळत होती, मॉन्ट्रिअलच्या मासिकात लिहून चार पैसे मिळवत होती, आणि लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थरला नवऱ्याच्या नोकरीसाठी पत्र लिहिणारीही तीच. या सगळ्या कहाणीत खरी कर्ती बाई ती आहे असं माझं ठाम मत आहे. 1839 ला मूडीला शेरीफची, म्हणजे कोर्टाचे हुकूम अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्याची, नेमणूक मिळाली, 1840 च्या सुरुवातीला कुटुंब जंगल सोडून बेलव्हिल गावी आलं आणि ते पद त्याने 1863 पर्यंत सांभाळलं.