वय अधिक शंभर: रक्तदाबाच्या एका जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

वरचा रक्तदाब किती असावा? वय अधिक शंभर. विसाव्या शतकात डॉक्टरांच्या तोंडी हा ठोकताळा बराच काळ होता. साठीतल्या माणसाचा दाब 160 भरला तरी कुणी दचकत नसे, कारण हिशेब बरोबर जुळायचा. वय वाढलं की दाब वाढणारच, यात आजार कसला, अशी ती समजूत. आज मीठ कमी करा, वजन उतरवा, चाला, दारू आवरा असं सांगितलं जातं, ते सगळं ही समजूत ढासळल्यानंतरचं आहे. आणि ती ढासळवण्यात इस्पितळांइतकाच वाटा विम्याच्या कचेऱ्यांचा, जंगलातल्या वस्त्यांचा आणि एका मठातल्या जोगिणींचा होता.

दाब मोजण्याची सुरुवात घोड्यापासून झाली. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त 8 फूट 3 इंच चढलं. हे त्याने 1733 मध्ये प्रसिद्ध केलं, पण माणसावर करण्यासारखा हा प्रयोग नव्हता. दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी ही जोडी इटलीच्या रीव्हा-रोची यांनी 1896 मध्ये आणली. रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची युक्ती सांगितली, तीही एका छोट्याशा टिपणात, आणि वरच्या आकड्याबरोबर खालचाही हाती आला.

पट्टा येण्याच्या वीसेक वर्षं आधी एक माणूस पुष्कळ पुढे गेला होता. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले फ्रेडरिक अकबर मोहम्मद. पाटण्याहून इंग्लंडला जाऊन ब्रायटनमध्ये स्नानगृह चालवणाऱ्या साके दीन मोहम्मद यांचे हे नातू. वाढलेला दाब मूत्रपिंडाच्या दुखण्यातून येतो, हे तेव्हा गृहीत होतं. नाडीचा आलेख काढणारं यंत्र वापरून त्यांनी दाखवलं की धडधाकट दिसणाऱ्या, मूत्रपिंडं ठीक असलेल्या माणसांतही दाब चढलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं गुपचूप काम करत राहतो. 1884 मध्ये विषमज्वराने ते गेले, वय अवघं 35. आणखी वीस वर्षं मिळाली असती तर या विषयाचा इतिहास वेगळा झाला असता, असं मला वाटतं.

यानंतरचा धडा विमा कंपन्यांनी दिला. त्यांना दुखण्याच्या कारणांशी देणंघेणं नव्हतं. अर्जदार किती वर्षं हप्ते भरेल एवढंच हवं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकी कंपन्या अर्जदाराचा दाब नोंदवू लागल्या. वह्यांमधून दिसलं ते सरळ होतं: दाब जितका जास्त, तितके मृत्यू लवकर, आणि हा चढ डॉक्टर ज्याला 'ठीक' म्हणत होते तिथूनच सुरू होत होता.

वैद्यकाने मात्र ते मनावर घेतलं नाही. लिव्हरपूलचे जॉन हे 1931 मध्ये म्हणाले की दाब वाढलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका तो सापडण्यातच आहे, कारण मग कुणीतरी मूर्ख तो उतरवायला जातो. पॉल डडली व्हाइट यांच्यासारख्या नामवंत हृदयतज्ज्ञालाही वाढलेला दाब ही कदाचित शरीराने केलेली सोय असेल, तिला हात लावू नये, असं वाटत होतं. या विचाराची किंमत काय, ते अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या नोंदींत दिसतं. 1937 मध्ये 162/98. मार्च 1944 मध्ये तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासलं तेव्हा 186/108. त्यांचे खासगी डॉक्टर मॅकइंटायर, जे मुळात कान-नाक-घशाचे, वयाच्या मानाने प्रकृती उत्तम असल्याचं जगाला सांगत राहिले. 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा दाब 300/190 होता. ब्रुएन यांनी मीठ आणि सिगारेट कमी करायला लावलं होतं, पण तोवर फार उशीर झाला होता.

तीन वर्षांनी, 1948 मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 5,209 स्त्री-पुरुषांवर दीर्घकाळ लक्ष ठेवायला सुरुवात झाली. विम्याच्या वहीत जे होतं तेच इथे वैद्यकाच्या भाषेत उमटलं, आणि 1961 पासून 'जोखमीचे घटक' हा विचार रूढ झाला. इथून पुढे उच्च रक्तदाब आहे की नाही, एवढाच प्रश्न राहिला नाही; दाब किती, हेही महत्त्वाचं ठरलं. याच सुमारास इंग्लंडमध्ये पिकरिंग आणि प्लॅट या दोन डॉक्टरांचा गाजलेला वाद चालू होता. प्लॅट म्हणत, उच्च रक्तदाबाची माणसं ही जन्मजात वेगळी जात. पिकरिंग म्हणत, सगळे एकाच चढावर उभे आहेत, रेघ आपण मारतो. पिकरिंग जिंकले. रेघ पुढे अनेकदा सरकली. अमेरिकेत 2017 मध्ये ती 130/80 वर आली.

आता मीठ. पॅरिसमध्ये आंबार आणि बोजार यांनी 1904 मध्येच मिठाचा आणि दाबाचा संबंध मांडला होता. 1940 च्या दशकात ड्यूक विद्यापीठाच्या वॉल्टर केम्पनर यांनी अत्यवस्थ रुग्णांना भात, फळं आणि साखर यांवर ठेवलं, मीठ जवळजवळ शून्य. बऱ्याच जणांचा दाब उतरला, फुगलेलं हृदय आकसलं. जेवण इतकं बेचव की ते टिकवणं ही शिक्षाच. मग 1958 मध्ये थायझाइडच्या गोळ्या आल्या आणि भाताचं पथ्य मागे पडलं. गंमत अशी की ही गोळी लघवीवाटे सोडियमच, म्हणजे मिठातला मुख्य घटकच, बाहेर काढते. ताटातून गेलं नाही ते गोळीने काढायचं, एवढाच फरक.

अमेरिकी संशोधक लुइस डाल यांनी 1960 मध्ये पाच लोकसमूहांचा आलेख काढला. एका टोकाला अलास्कातले एस्किमो, दुसऱ्या टोकाला दिवसाला 25 ग्रॅमच्या वर मीठ खाणारे उत्तर जपानी. मीठ वाढेल तसा दाब वाढत गेलेला. पाच ठिपक्यांवर रेघ ओढली, अशी टीका झाली, आणि ती रास्त होती. पण त्यांनी मिठाने दाब चढणारे आणि न चढणारे अशा उंदरांच्या दोन जाती तयार केल्या, तो पुरावा वजनदार ठरला. तेच ताट दोघांना वेगवेगळं का बाधतं, याचं उत्तर त्यात होतं.

'वय अधिक शंभर'ला खरा सुरुंग लावला तो वय वाढूनही ज्यांचा दाब वाढत नव्हता अशा माणसांनी. केनियात डॉनिसन या डॉक्टरांनी 1929 मध्येच अशी नोंद केली होती. 1975 मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांचा अभ्यास छापून आला. त्यांच्या आहारात मीठ नाहीच, आणि दाब म्हातारपणीही तरुणासारखा. 1988 च्या इंटरसॉल्ट अभ्यासात 32 देशांतल्या 52 ठिकाणच्या दहा हजारांवर लोकांची लघवी, पोटात किती मीठ जातं ते कळावं म्हणून, तपासली गेली. मीठ जास्त तिथे वयानुसार दाबाचा चढही जास्त, असा निष्कर्ष निघाला. मीठ उद्योगाने त्यावर वर्षानुवर्षं वाद घातला.

रक्तातच फरक असेल, ही पळवाट केनियातल्या लुओ लोकांनी बंद केली. गावाकडून नैरोबीला आलेल्यांचा दाब काही महिन्यांतच गावात राहिलेल्यांपेक्षा वर गेला. लघवीत सोडियम वाढलं, पोटॅशियम घटलं, वजनही वाढलं. माणसं तीच, फक्त पत्ता बदललेला.

तरी मीठ म्हणजे सगळं नव्हे. इटलीत उम्ब्रिया भागातल्या मठातल्या 144 जोगिणी आणि त्याच परिसरातल्या संसारी बायका यांच्यावर तिमियो या संशोधकांनी वीस वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं. मिठाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. संसारी बायकांचा दाब वयाबरोबर चढला, जोगिणींचा जवळपास होता तिथेच राहिला. याचं श्रेय एकट्या शांततेला देऊन मोकळं होणं मला सोपं वाटतं, कारण मठात बाळंतपण नाही, नोकरी नाही, पैशाची चिंता नाही. एक धागा वेगळा काढता येत नाही. दारूचं तसं नाही. फ्रेंच डॉक्टर लियाँ यांनी 1915 मध्ये सैनिकांत तिचा दाबाशी संबंध दाखवला, तो साठ वर्षं विसरला गेला आणि 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 80 हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींनी परत वर आला.

1997 च्या डॅश नावाच्या आहाराच्या प्रयोगाने प्रश्न उलटा विचारला: काय काढायचं यापेक्षा काय वाढायचं? 459 जणांपैकी काहींना भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध भरपूर दिलं, मीठ आणि वजन मुद्दाम बदलू दिलं नाही. आठ आठवड्यांत, ज्यांचा दाब आधीच जास्त होता त्यांचा वरचा आकडा 11 ने उतरला. एका गोळीइतकाच हा परिणाम.

मग लोकांना सांगून ते का ऐकत नाहीत? कारण औद्योगिक देशांत तीन चतुर्थांश मीठ पाव, चीज, मांसाचे तयार प्रकार, पाकिटबंद सूप यांतून येतं. मीठदाणी हातात धरणाऱ्याचा त्यावर ताबाच नाही. फिनलंडने 1970 च्या दशकात हे ओळखलं, कारखान्यांना मीठ कमी करायला लावलं, पुढे जास्त मीठ असलेल्या मालावर तसं छापणं सक्तीचं केलं. तीस वर्षांत मीठ सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटलं आणि देशाचा सरासरी दाब खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आहे; जगाची सरासरी अजून तिच्या दुपटीच्या वर.

2021 मध्ये चीनमधला प्रयोग प्रसिद्ध झाला. 600 गावांतले सुमारे 21 हजार लोक त्यात होते; त्यातल्या निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. पाच वर्षांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत किंवा जे शरीरात पोटॅशियम साठवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.