करदात्यांचे ईमेल मागितले की आख्खा अर्ज अडकतो

ग्रामपंचायतीच्या करवसुलीबद्दल माहिती अधिकारात केलेले अर्ज आमच्या भागात पुन्हा पुन्हा परत येतात. उघडून पाहिले की बहुतेक वेळा एकच ओळ नडलेली असते: 'थकबाकीदारांची यादी मोबाईल नंबर व ईमेलसह द्यावी.' वसुली किती झाली, पैसा कुठे गेला, हे विचारायला कुणाचा ईमेल कशाला लागतो?

कायदाही आता जास्त कडक झाला आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलम ८(१)(ञ) मध्येच व्यापक जनहिताची सवलत होती. नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती सरळ नाकारता येते. जनहिताचा दरवाजा कलम ८(२) मध्ये उरला आहे, पण तिथे जनहित तुम्हाला पटवून द्यावे लागते. नुसता 'जनहितार्थ' शब्द लिहून भागत नाही. आयकर विवरणपत्रे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच वैयक्तिक ठरवली आहेत.

म्हणून अर्जात एकूण मागणी, वसुली, थकबाकी आणि खर्च एवढेच मागा. शेवटी एक वाक्य नक्की लिहा: 'नोंदीत वैयक्तिक तपशील असल्यास कलम १० प्रमाणे तेवढा भाग वगळून उर्वरित प्रत द्यावी.' ईमेलचा रकाना झाकून बाकीचे पान देता येत असताना सगळेच नाकारणे चूक आहे, आणि अपिलात हेच वाक्य कामी येते.

बाकी नेहमीचेच: जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, साधारण १५० शब्द. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडा. माहिती कशाला हवी, हे कुणी विचारले तरी सांगायची गरज नाही.

पोच मात्र घ्याच. शिक्का आणि तारीख असलेली प्रत बहुतेकांकडे नसते, आणि मग उत्तरासाठीचे ३० दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो. हे दिवस अर्ज कार्यालयात पोचल्यापासून मोजतात, तुम्ही लिहिल्यापासून नाही. उत्तर आलेच नाही तर तो नकार समजून पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. यवतमाळ, वाशीमकरांसाठी ते अमरावती खंडपीठ.

आता उलट बाजू. दुसऱ्या कुणी तुमची माहिती मागितली आणि कार्यालयाला ती द्यावीशी वाटली, तर कलम ११ ची नोटीस तुम्हाला येते. ती हातात पडल्यापासून १० दिवसांत म्हणणे मांडायचे असते. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत हे १० दिवस कसे निघून जातात, ते मी पाहिले आहे. वकील लागत नाही. 'माझा ईमेल व नंबर खाजगी आहे, देऊ नये' एवढे साध्या कागदावर लिहून पोच घ्या. तरीही माहिती देण्याचा निर्णय झाला, तर त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील तुम्हालाही करता येते.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते. पॅन काढताना किंवा रिटर्न भरताना केंद्रावरचा मुलगा घाईत स्वतःचाच ईमेल टाकून देतो. मग तुमच्या नावाची नोटीस त्याच्या मोबाईलवर पडून राहते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. आयकर पोर्टलवर तुमच्या प्रोफाइलमध्ये कोणता ईमेल आहे, हे घरच्या शिकलेल्या पोराकडून आजच पाहून घ्या. दुसऱ्याचा असेल तर बदलून घ्या, आणि पासवर्ड केंद्रावर ठेवू नका.