जमलं आणि जमतं

हुआवे या चिनी कंपनीचा मेट ६० प्रो हा फोन २०२३ च्या ऑगस्टअखेर बाजारात आला, तेव्हा अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो चीनच्याच दौऱ्यावर होत्या. प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं चीनच्या हाती लागू नयेत म्हणून अमेरिकेने तोवर निर्बंध घातले होते. चिप उघडून तपासणाऱ्या टेकइनसाइट्स या कंपनीने तो फोन खोलला. आतली किरिन ९०००एस चिप चीनच्या एसएमआयसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने सात नॅनोमीटर वर्गाच्या प्रक्रियेने बनवली आहे, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून दोन वाक्यं माझा पिच्छा सोडत नाहीत. एक, 'चीनला सात नॅनोमीटर जमलं, निर्बंध संपले.' दुसरं, 'एक चिप दाखवली म्हणून काय झालं, त्यांना काही जमत नाही.' ही वाक्यं बोलणारे एकमेकांशी हिरिरीने भांडतात, पण दोघांची चूक एकच आहे.

ती चूक मराठीत तरी व्हायला नको. 'जमलं' आणि 'जमतं' ही आपल्याकडे वेगळी रूपं आहेत. एकदा धडपडत विहिरीच्या या काठावरून त्या काठाला लागलेल्या पोराला पोहता येतं, असं त्याची आईसुद्धा म्हणत नाही. परक्या देशाचं संशोधन कुठवर आलं आहे हे जोखताना मात्र चांगली शिकलेली माणसं 'जमलं' वाचतात आणि 'जमतं' लिहून मोकळी होतात.

'जमलं' कसं दिसतं ते तुम्हाला माहीत आहे, कारण बातम्या त्याच्याच असतात. गूगलने २०१९ मध्ये ५३ क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरवर (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचं मूळ एकक) एक गणित सोडवलं, चीनच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जिउझांग या क्वांटम संगणकावर प्रकाशकणांनी दुसरं सोडवलं. शोधनिबंध, विक्रम, प्रात्यक्षिक, पेटंट, सगळं याच खात्यात जमा होतं. पेटंटांच्या नुसत्या संख्येवरून देशांची क्रमवारी लावणारे तक्ते मी वाचायचे सोडून दिले आहेत. चीनमध्ये 'युटिलिटी मॉडेल' नावाचा पेटंटचा हलका प्रकार आहे, त्यात शोधाच्या नवेपणाची सखोल तपासणी होत नाही. तो आणि पूर्ण तपासणीतून गेलेलं पेटंट एकाच बेरजेत घालणाऱ्याने पुढे काहीही सांगितलं तरी माझा विश्वास बसत नाही. 'सात नॅनोमीटर' या शब्दाचंही एका वाक्यात उरकतो: ते आता पिढीचं नाव आहे, चिपवर त्या मापाचं काही शोधायला जाऊ नये.

आता 'जमतं'. खरी गाठ इथे आहे.

मी बरीच वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काढली. तिथे 'सॅम्पल ओके' झाल्याचे पेढे कुणी वाटत नसे. सॅम्पल हुशार माणसाने, हव्या तेवढ्या वेळात, सगळ्यात चांगल्या मशीनवर काढलेलं असतं. खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात होते. रात्रपाळीला नवा ऑपरेटर असतो, कच्चा माल दुसऱ्या लॉटचा असतो आणि रिजेक्शन किती हे सकाळी फळ्यावर लिहिलेलं असतं. चिपच्या कारखान्यात या आकड्याला यील्ड म्हणतात: शंभर चिप काढल्या तर चांगल्या किती निघाल्या.

यील्ड इतकं निर्णायक का, हे साध्या गुणाकाराने कळतं. आधुनिक चिप घडताना वेफर, म्हणजे सिलिकॉनची चकती, शेकडो पायऱ्यांतून जाते. हिशेबासाठी हजार धरू. प्रत्येक पायरी ९९.९ टक्के बिनचूक झाली तर शेवटी चांगल्या चिप उरतात सुमारे ३७ टक्के. तीच पायरी ९९.९९ टक्के बिनचूक झाली तर उरतात ९० टक्के. दशांशचिन्हापुढचा एक नऊ वाढला आणि तोट्यातला कारखाना फायद्यात आला. हा नऊ कुठल्याही शोधनिबंधात छापून येत नाही. तो व्हॉल्व्हच्या सफाईत असतो, रसायनाच्या शुद्धतेत असतो, बिघाडाचं कारण तीन दिवसांऐवजी तीन तासांत शोधणाऱ्या तंत्रज्ञाच्या डोक्यात असतो. फोन खोलून आतल्या चिपचा फोटो काढला तर तो दिसणार नाही, कारण ३७ टक्क्यांतली चांगली चिप आणि ९० टक्क्यांतली चांगली चिप दिसायला सारख्याच असतात.

मला या बाबतीत सर्वात मोलाचं वाटतं ते परकीय तंत्रज्ञानाचं मूल्यमापन एका गिऱ्हाइकाने केलेलं आहे. १९८० च्या मार्चमध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या रिचर्ड अँडरसन यांनी वॉशिंग्टनमधल्या एका बैठकीत आपल्या कंपनीचे आकडे मांडले. कंपनी १६के डीरॅम मेमरी चिप तीन अमेरिकी आणि तीन जपानी पुरवठादारांकडून घेत होती. माल आत घेतानाच्या तपासणीत आणि नंतर प्रत्यक्ष वापरातही तिघा जपान्यांतला सर्वात कच्चा पुरवठादार तिघा अमेरिकनांतल्या सर्वात चांगल्यापेक्षा सरस निघाला. खोलीतल्या लोकांना धक्का बसला, कारण मूळ शोध अमेरिकेचा होता. डीरॅम अमेरिकेला 'जमलं' होतं, जपानला 'जमत' होतं. १९८५ मध्ये इंटेलने डीरॅमचा धंदाच सोडला.

याच्या शेजारी जपानचाच दुसरा प्रकल्प ठेवून बघा. १९८२ मध्ये जपान सरकारने 'पाचव्या पिढीचा संगणक' जाहीर केला: तर्काने विचार करणारी यंत्रं, दहा वर्षांत. सगळं जग हादरलं. उत्तरादाखल ब्रिटनने आल्व्ही हा संगणक-संशोधनाचा कार्यक्रम काढला, अमेरिकेत संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने स्ट्रॅटेजिक कम्प्यूटिंग हा कार्यक्रम सुरू केला. जपान्यांनी यंत्रं खरोखर बांधलीही, पण तोवर साधे, स्वस्त मायक्रोप्रोसेसर इतके वेगवान झाले होते की त्या खास यंत्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. १९७६ ते १९८० मध्ये फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा यांना एकत्र बसवून चाललेला व्हीएलएसआय (एका चिपवर प्रचंड संख्येने घटक बसवण्याच्या तंत्राचा) प्रकल्प मात्र सिलिकॉनचे स्फटिक, इलेक्ट्रॉन किरणांची यंत्रं अशा कुणाची झोप न उडवणाऱ्या गोष्टींत गुंतला होता. जग गाजावाजा झालेल्या प्रकल्पाकडे बघत राहिलं आणि बाजारपेठ गेली ती दुसऱ्याच प्रकल्पामुळे.

'जमलं' आणि 'जमतं' यांमधलं अंतर किती मोठं असू शकतं हे बघायला ईयूव्ही, म्हणजे एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट किरणांनी चिप छापण्याच्या तंत्रासारखं उदाहरण नाही. अतिनील प्रकाशाच्या पलीकडच्या, १३.५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींनी आज सर्वात बारीक चिप छापल्या जातात. या जातीच्या किरणांनी आरशांच्या साह्याने प्रतिमा उमटवता येते, हे १९८६ मध्ये जपानच्या एनटीटीतले हिरोओ किनोशिता यांनी मांडलं. या किरणांना हवासुद्धा शोषून घेते, त्यामुळे सगळं निर्वातात करावं लागतं. भिंगं चालत नाहीत, आरसेच लागतात. प्रकाश मिळवायला वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या गतीने सोडून प्रत्येकावर लेझर मारावा लागतो. हे सगळं कारखान्यात दिवसरात्र चालायला २०१८-१९ उजाडलं, म्हणजे तीसहून अधिक वर्षं गेली. आणि ते यंत्र विकते नेदरलँड्समधली एएसएमएल. निकॉन आणि कॅनन या यंत्रविद्येतल्या मातब्बर जपानी कंपन्या, पण ईयूव्हीचं विकाऊ यंत्र दोघींकडूनही आलं नाही. १९८६ मध्ये कुणी 'जपान पुढे' असं लिहिलं असतं तर ते 'जमलं'च्या दृष्टीने खरं ठरलं असतं.

हे कळलेले लोक दुसऱ्या खड्ड्यात पडतात, आणि मला तो जास्त धोक्याचा वाटतो. 'नुसतं प्रात्यक्षिक आहे' म्हणून ते निवांत होतात. रायमोंडो यांनी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की चीन सात नॅनोमीटरच्या चिप मोठ्या प्रमाणावर बनवू शकतो याचा पुरावा आपल्याकडे नाही. वाक्य मोजून मापून बोललेलं होतं, त्यात 'जमतं'ची खूण नाही एवढंच होतं. लोकांनी त्यातून 'जमणार नाही' काढलं. तैवानच्या टीएसएमसीने २०१८ मध्ये आपली पहिली सात नॅनोमीटर पिढी ईयूव्हीशिवाय, जुन्याच जातीच्या यंत्रांवर एकेक थर अनेकदा छापून बाजारात आणली होती. तो रस्ता अवघड आहे, पण पायऱ्या वाढतात म्हणून अवघड आहे, आणि पायऱ्यांतल्या चुका वेफर चालवून चालवूनच कमी होतात. ज्याच्याकडे सतत वेफर चालवायला हक्काचं गिऱ्हाईक आहे तो शिकतोच. निर्बंधांनी हुआवेला बाहेरची दारं बंद केली आणि एसएमआयसीला ते गिऱ्हाईक मिळालं. शिवाय कमी यील्ड म्हणजे महाग चिप, अशक्य चिप नव्हे. तोटा सोसणारं सरकार पाठीशी असेल तर 'परवडत नाही' आणि 'जमत नाही' यांत फार मोठं अंतर राहतं.

म्हणून मला ऐंशीच्या दशकातल्या जेटेक या अमेरिकी उपक्रमाची पद्धत अजून आवडते. तज्ज्ञांची लहान मंडळं जपानी संशोधनाचा अभ्यास करत. त्यांच्या तक्त्यांत मूलभूत संशोधन, पुढचा विकास आणि प्रत्यक्ष उत्पादन यांना वेगळे रकाने असत, आणि आज कोण कुठे आहे याच्या जोडीला बाण असे: कोण वर चाललंय, कोण खाली. आजच्या कित्येक अहवालांत हे सगळं एका गुणांकात कोंबलेलं दिसतं. तसला गुणांक दिसला की मी पान उलटतो आणि साध्या गोष्टी शोधतो: दुसऱ्या वर्षी त्याच वस्तूची पुढची आवृत्ती आली का, गिऱ्हाइकाने पुन्हा मागवली का, परत आलेल्या मालाबद्दल कोण काय बोलतंय. मेट ६० नंतर २०२४ च्या एप्रिलमध्ये किरिन ९०१० ही पुढची चिप घेऊन हुआवेच्याच फोनची पुरा ७० मालिका आली. मला त्या पहिल्या फोटोपेक्षा ही तारीख जास्त सांगते.

आणखी एक प्रश्न विचारावा: कोणत्या थरावर जमतं? आपल्याकडे परम ८००० या महासंगणकाचं कौतुक करणारे आणि त्याला 'परदेशी सुटे भाग जोडलेला डबा' म्हणणारे, दोघेही हा प्रश्न गाळतात. अमेरिकेने हवा तो क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० आला. त्यातले ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. १९९८ च्या परम १०००० मध्ये सन या अमेरिकी कंपनीचे प्रोसेसर होते. सात वर्षांत प्रोसेसर पार बदलले. अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडून एकाच गणिताला जुंपायचं काम दोन्ही वेळा पुण्यातच झालं.