कंपनी सरांची की विद्यापीठाची?

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी पेशी उपचार (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारा) एका रुग्णावर झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावाने त्या उपचाराला सरकारी परवानगी मिळाली. तो बनवणारी इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी पवईच्या आयआयटीतल्या एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतून निघाली. नवी मुंबईत हे कुणाला सांगितलं, की कौतुकापाठोपाठ शेरा येतोच: “पगार सरकारचा, प्रयोगशाळा सरकारची, आणि कंपनी मात्र सरांची?”

शेरा वरवर रास्त आहे. नॉर्वेने तर त्याच धर्तीवर कायदाही केला. नॉर्वेत विद्यापीठातल्या संशोधकाला पूर्वी आपल्या शोधाची पूर्ण मालकी मिळायची. २००३ मध्ये कायदा बदलला आणि ढोबळमानाने दोन तृतीयांश वाटा विद्यापीठाकडे गेला. आता विद्यापीठं पुढाकार घेतील आणि जास्त कंपन्या निघतील, ही अपेक्षा.

तसं झालं का, हे तपासायची रीत मला फार आवडते. नुसतं ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजून भागत नाही, कारण त्या काळात बाजारच थंड असेल तर सगळ्यांच्याच कंपन्या कमी निघणार. म्हणून हान्स विडे आणि बेंजामिन जोन्स या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यापीठाबाहेरचे नॉर्वेकरही मोजणीत घेतले. समजा, बाहेरच्यांच्या नव्या कंपन्यांचं प्रमाण १० टक्क्यांनी घटलं आणि संशोधकांचं ६०, तर कायद्याच्या खात्यावर या दोन घटींमधला फरकच टाकायचा. अट एकच: कायदा आला नसता तर दोन्ही गट समांतर चालले असते. त्यासाठी २००३ च्या आधीच्या वर्षांतला कल पाहावा लागतो. कोण कुठे नोकरी करतो आणि कोणाची कोणती कंपनी, याच्या देशभरच्या नोंदी नॉर्वेत असल्यामुळेच हे जमलं.

२०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला. संशोधकांच्या नव्या कंपन्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, पेटंटचंही. शिवाय ज्या कंपन्या निघाल्या त्यांचा दर्जाही घसरलेला. (अंकशास्त्र्याला विचारून कंपनीच्या नावात एक जादा ‘ए’ घालणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा. वाटा कुणाला किती, याने फरक पडतो. स्पेलिंगने पडल्याचं कुणी असं मोजून दाखवलेलं नाही.)

असं का व्हावं? प्रयोगशाळेतून बाहेर पडणारा शोध बहुधा कच्चा असतो. पेटंटच्या कागदावर पद्धत उतरते, पण पेशी कधी रुसतात आणि कोणत्या टप्प्यावर हात आखडता घ्यायचा, हे संशोधकाच्या डोक्यातच राहतं. अमेरिकेतल्या ६२ विद्यापीठांच्या पाहणीत जेन्सन आणि थर्स्बी यांना दिसलं की परवाना दिलेल्या शोधांपैकी ७१ टक्के शोध मूळ संशोधकाच्या मदतीशिवाय पुढे सरकत नाहीत. ज्याची मदत लागणार, त्याचाच वाटा नॉर्वेने कापला.

आपल्याकडे सरकारी पैशातून लागलेल्या शोधांच्या मालकीबद्दल २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं. पुढे ते मागे घेतलं गेलं. त्यामुळे सरांचा वाटा किती, हे आजही प्रत्येक संस्था आपापल्या नियमांनी ठरवते.