भाता की पट्टी?

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात कुणी "आवाज चढवा की जरा" म्हटलं की पेटीवाले काका हात थांबवून विचारतात, "भाता का पट्टी?" प्रश्न रास्त आहे. मराठीत 'चढा आवाज' म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकातच गुंडाळतो.

भाता जोरात मारला की तोच सूर मोठा ऐकू येतो. हा जोर डेसिबलमध्ये मोजतात. पट्टी बदलली, म्हणजे काळी दोन सोडून काळी चारला गेलं, की सूर उंच होतो, मोठा होईलच असं नाही. ही उंची हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात त्यावर. कानाशी गुणगुणणारा डास चढ्या पट्टीतला, पण त्याच्यात जोर नाही. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची म्हैस हंबरते ती खालच्या पट्टीत, पण ऐकू जातं पार लांबपर्यंत.

खरा घोळ विसर्जनाच्या मिरवणुकीत होतो. महाद्वार रोडला खिडक्यांच्या काचा थरथरत असतात, छातीत धडधडतं, आणि साऊंडवाला मोबाइलवरचा आकडा दाखवतो, "बघा की, कमी केलाय." तो खोटं बोलत असेलच असं नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादा आहे, ती 'डीबीए' या मापात. या मापात कानाच्या सवयीप्रमाणे खालच्या पट्टीची वजावट होते: 50 हर्ट्झच्या दणक्यातून सुमारे 30 डेसिबल वजा. म्हणजे निव्वळ त्या पट्टीतला 90 चा दणका कागदावर 60. हळू आवाजाला ही वजावट ठीक, कारण तिथं आपला कान खालच्या पट्टीला खरंच मंद असतो. आवाज मोठा झाला की कानाचा हा मंदपणा बराच कमी होतो, मीटरची वजावट मात्र तेवढीच राहते. 'डीबीसी' या दुसऱ्या मापात याच 50 हर्ट्झला जेमतेम एक-दीड डेसिबल जातात. बेसची तक्रार असेल तर दोन्ही आकडे मागावेत, असं माझं मत.

पेटीत भाता आणि पट्टी वेगळ्या. गळ्यात तसं नाही, आणि चोचीतही नाही.

2003 साली हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रिएट पीट यांनी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट पक्ष्यांची गाणी तपासली. जिथं गोंगाट जास्त, तिथं पक्ष्यांचे सगळ्यात खालचे सूरही वर सरकलेले. वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते, तेव्हा पक्ष्यानं पट्टी बदलून वाट काढली, हा अर्थ सरळ वाटतो. पण एर्विन नेमेथ आणि हेन्रिक ब्रुम यांनी शंका काढली: पक्षी नुसता ओरडत असेल तर? गच्चीवरून खाली कुणाला हाक मारून बघा, जोर वाढवला की पट्टी आपसूक चढते. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911 मध्येच नोंदवलं होतं. 2013 मध्ये नेमेथ, ब्रुम आणि सहकाऱ्यांनी ब्लॅकबर्डवर काम करून दाखवलं, की उंच सूर त्या पक्ष्याला जास्त जोरात गाता येतात. मला हे जास्त पटतं. पट्टी ही इथं बहुधा भात्याच्या मागोमाग आलेली.

मग 2020 चं लॉकडाऊन आलं. सॅन फ्रान्सिस्कोत एलिझाबेथ डेरीबेरी यांच्या गटानं व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोची गाणी ऐकली (आपली घरचिमणी नव्हे, ती वेगळी). रस्ते शांत होताच पक्षी हळू गायला लागले, सोडून दिलेले खालचे सूर परत आले, आणि आवाज हळू असूनही गाणं पूर्वीच्या दुपटीहून लांब पोचू लागलं. जोर आणि पट्टी दोन्ही एकदमच उतरले, त्यामुळे आधी कोण हलतं हा वाद काही मिटला नाही.