दगडी पाळीवरील मासेमारी : सुरक्षितता

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) व धरणांच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गळ टाकून किंवा फेकजाळ्याने मासेमारी चालते. पाळीच्या पाण्याकडील अंगाला दगडी पिचिंग (उतारावर रचलेले दगड) असते. वरून ते भक्कम दिसते, पण खरा धोका पाण्यात पडण्यापेक्षा बाहेर न निघता येण्याचा असतो.

अडीचास एक उतार (अडीच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर खोल) धरला, तर काठापासून आडव्या चार मीटरवर दीड मीटरहून जास्त खोली मिळते. पाणी ओसरते तसा दगडांवर शेवाळ आणि गाळाचा पट्टा उघडा पडतो. घसरलेला माणूस याच पट्ट्यावर हात मारतो. बोटे सटकतात, पाय खाली गाळात रुततात आणि पाच मिनिटांत दम संपतो. अशा वेळी सरळ उभे राहू नये. छाती दगडाला टेकवून, पाय मागे पाण्यात तरंगते ठेवून, आडवे सरकत सांध्यातली फट शोधावी.

बैठक ओल्या पट्ट्याच्या किमान दोन मीटर वर, कोरड्या दगडावर घ्यावी. पाय ठेवण्यापूर्वी दगड दाबून पाहावा. डुगडुगला तर सोडावा. झिजलेली रबरी चप्पल घसरते, तर गमबूट पाण्याने भरला की पाय उचलवत नाही. कॅनव्हासचे बूट बरे. फटींत घोणस असू शकते, म्हणून न बघता हात घालू नये.

फेकजाळ्याची दोरी मनगटाला पक्क्या गाठीने बांधणे ही जुनी आणि घातक खोड आहे. जाळे बुडालेल्या खुंटाला अडकले की तोल जातो. एका झटक्यात सुटेल असा फास ठेवावा. मोठा रोहू लागला तर खाली उतरू नये. त्याला दमवून लांब दांड्याच्या हातजाळ्याने घ्यावे.

सोबत दहा-बारा मीटर दोरी आणि तिला बांधलेला पाच लिटरचा बुचबंद कॅन ठेवावा. फेकता यावा म्हणून त्यात पेलाभर पाणी असावे. बुडणाऱ्याकडे उडी घेण्याऐवजी कॅन फेकावा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटा टांगून पोटातले पाणी काढत बसू नये. आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्यावा, मग ३० वेळा छाती दाबून २ श्वास, असे चालू ठेवावे. तोवर दुसऱ्याने १०८ लावावा.

पहिल्या पावसात चढणीच्या (प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या) माशांसाठी सांडव्यावर गर्दी होते. तिथे गुडघाभर वाहते पाणीही पाय काढून घेते. कालव्याच्या मोरीचे तोंड, गेट उघडे असताना, त्याहून वाईट : ओढ वरून दिसत नाही.

वैनगंगेच्या पात्रात आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते, कारण मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून विसर्ग होतो. गोसीखुर्द धरणाच्या खाली ३३ दरवाजांपैकी किती उघडतील याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही; भोंगा वाजताच वर यावे. गडगडाट ऐकू येताच गळाची कार्बनची काठी खाली ठेवून पाळ सोडावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे परतू नये.