लॅग की हॅक? भिंतीमागं जाऊन मेलास तर आधी हे बघ

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गेमिंग कॅफेत मी रोज संध्याकाळी असतो आणि तिथं तासाभरात दहा वेळा तरी एकच आरोळी येते, "हॅक मारालाय रे!" कोण मेला की हॅक, हेडशॉट बसला की हॅक, गडी लांबून दिसला की हॅक. खरंच हॅक करणारे आहेत, खूप आहेत, ते मी नाकारत नाही. पण मला विचाराल तर यातल्या बऱ्याचशा आरोळ्या लॅगच्या, म्हणजे नेट मागं पडल्याच्या असतात, हॅकच्या, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर लावून खेळल्याच्या नाहीत आणि लॅग आणि हॅक स्क्रीनवर इतके सारखे दिसतात की जुने खेळाडूसुद्धा फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

परवाचंच घ्या. एक पोरगा बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरचा नेमबाजीचा गेम खेळत होता, त्यातल्या पोचिंकी गावात घराबाहेर त्याला गोळ्या लागल्या, तो पळत भिंतीमागं गेला, आत पोचला, बँडेज लावायला बटण दाबलं आणि तिथंच मेला. इअरफोन आपटला टेबलावर. "भावा बघितलंस का, भिंतीतनं मारला!" मी बघितलं होतं, पण मी त्याच्या स्क्रीनचा कोपरा बघत होतो. तिथं पिंगचा, म्हणजे नेटला लागणाऱ्या वेळेचा आकडा लाल झाला होता, २१० मिलिसेकंदाच्या आसपास. दोन खुर्च्या सोडून एकजण लग्नाचा अख्खा व्हिडिओ अपलोड करत बसला होता, कॅफेचं कनेक्शन एकच.

आता हे नीट समजून घ्या. आपल्या कुस्तीत पंच तिथंच मातीत उभा असतो, खासबागेत पाठ टेकली की टेकली, सगळ्यांना एकाच वेळी दिसतं. ऑनलाइन गेमचा पंच म्हणजे सर्व्हर, तो कुठंतरी मुंबईला नाहीतर सिंगापूरला बसलाय आणि दोन्ही पैलवानांनी काय केलं हे त्याला निरोप आल्यावरच कळतं. तुझा निरोप जाऊन परत यायला जो वेळ लागतो ते पिंग. कोल्हापूर ते मुंबई रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, फायबरमधनं प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या अंतराचे जाऊन येऊन ४ मिलिसेकंदसुद्धा होत नाहीत. बाकीचा सगळा वेळ वाटेतल्या राउटरमध्ये, मोबाईल टॉवरवर आणि घरातल्या वायफायमध्ये जातो.

तर २१० पिंग असताना तू भिंतीमागं गेलास हे तुझ्या फोनला लगेच माहीत झालं कारण फोन सर्व्हरची वाट न बघता तुला पुढं पळवतो, नाहीतर प्रत्येक पाऊल अडखळत पडलं असतं. पण समोरच्याच्या स्क्रीनवर तू अजून दारातच आहेस. सेकंदाला ५ मीटर पळत असशील तर २०० मिलिसेकंदात १ मीटर झाला, म्हणजे दार ते भिंत. त्यानं दारातल्या तुला मारलं, त्याच्या बाजूनं तो नेम एकदम बरोबर होता. नेमबाजीच्या बऱ्याच गेममध्ये सर्व्हर हिशोब करताना घड्याळ जरा मागं फिरवतो, मारणाऱ्यानं ट्रिगर दाबला तेव्हा त्याला काय दिसत होतं ते बघतो आणि त्यावर निकाल देतो. ही पद्धत आजकालची नाही, वॉल्व्ह कंपनीनं २००१ सालीच ती मांडून ठेवलीय. नसती तर प्रत्येकाला हलणाऱ्या माणसाच्या पुढं अंदाजानं नेम धरावा लागला असता. म्हणजे तू भिंतीमागं मेलास यात कुणीच चोरी केली नाही, दोघांच्या स्क्रीनवर दोन वेगळ्या वेळा चालल्या होत्या एवढंच.

यावर हमखास प्रश्न येतो, "पण माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे की!" अरे रस्ता चौपदरी केला म्हणून मुंबई जवळ येत नाही. स्पीड म्हणजे रस्त्याची रुंदी, पिंग म्हणजे पोचायला लागणारा वेळ, आणि कुणी मोठी फाईल अपलोड करायला लागला की तो रुंद रस्तासुद्धा ट्रकनं भरतो, त्यात तुझी सायकल अडकते. गेमला डेटा अगदी कमी लागतो, तो फक्त वेळेवर जायला पाहिजे.

आता हॅक. इथं मुळातच वेगळं चाललेलं असतं. समोरचा कुठं आहे ही माहिती बऱ्याच गेममध्ये सर्व्हर तुझ्या फोनला आधीच पाठवून ठेवतो, म्हणजे तो कोपऱ्यावरनं बाहेर आला की लगेच दाखवता यावा. ती माहिती फोनच्या मेमरीत असते, तुला दाखवत नाहीत एवढंच. वॉलहॅक तीच मेमरी वाचून भिंतीपलीकडच्या माणसाभोवती चौकट काढतो. एमबॉट त्याच माहितीवरनं नेम फिरवतो. म्हणूनच व्हॅलोरंट या कॉम्प्युटरवरच्या नेमबाजीच्या गेममध्ये तो बनवणाऱ्या रायट कंपनीनं अशी सोय केली की शत्रू दिसायची वेळ जवळ येईपर्यंत त्याची जागा तुझ्या कॉम्प्युटरला पाठवायचीच नाही, जे आलंच नाही ते चोरणार काय. मला हा उपाय नुसत्या बॅनपेक्षा जास्त पटतो.

हॅकला इंटरनेट स्लो असण्याशी काही देणंघेणं नाही, ती ठरवून केलेली चोरी आहे आणि ती मोठ्या स्पर्धेतही होते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमची स्पर्धा चालू असताना ऑप्टिक इंडिया टीमचा फॉरसेकन नावानं खेळणारा खेळाडू पकडला गेला, चीटच्या फाईलचं नाव होतं वर्ड डॉट ईएक्सई, जणू काय अर्ज टाइप करायलाच बसलाय. टीम स्पर्धेतनं बाहेर, कंपनीनं भारतातली टीमच बंद केली, त्याला ५ वर्षांची बंदी. त्या टीममधल्या बाकीच्या चौघांचं काय चुकलं होतं? मला आजपण त्याचं वाईट वाटतं.

मग ओळखायचं कसं? माझी पहिली खूण ही की लॅगला आपला-परका कळत नाही. लॅगवाला गडी तुला अचानक मारतो तसा पुढच्याच मिनिटाला उघड्यावर उभा राहून मरतोपण. हॅकवाल्याचा फायदा मात्र दरवेळी एकाच बाजूनं होतो. दुसरं म्हणजे हालचाल. समोरचा माणूस झटके खात, एका जागेवरनं गायब होऊन दुसऱ्या जागी उगवत असेल तर त्याचे नाहीतर तुझे पॅकेट, म्हणजे नेटवरचे निरोप, वाटेत हरवतायत. स्पीड हॅकवाला सलग पळतो, गाडीच्या बरोबरीनं पळतो आणि कुठं अडखळत नाही. आणि मेल्यावर लगेच लॉबीत येऊ नको, स्क्वॉड संपला असेल तर मारणाऱ्याला स्पेक्टेट कर, म्हणजे त्याच्या नजरेनं त्याचा खेळ बघ. कुणाचाच आवाज नसताना त्याचा नेम बंद भिंतीवरनं माणसाबरोबर सरकतोय का ते बघ. एकदा झालं तर योगायोग, तीन-चार वेळा झालं तर रिपोर्ट मार, बिनधास्त मार. मात्र बीजीएमआयमध्ये छोट्या मॅपवर पावलांच्या खुणा उमटतात आणि चांगला हेडफोन असला तर जिन्यावरचा माणूससुद्धा कळतो, हे धरूनच निकाल द्यायचा.

एक प्रकार मात्र दोन्हींच्या मधला आहे, लॅग स्विच. मुद्दाम आपलं नेट क्षणभर तोडायचं, तेवढ्यात जागा बदलायची, परत जोडायचं. दिसतो लॅग, पण असते चोरीच. याची खूण अशी की त्याचं नेट बरोबर मारामारीच्या वेळीच जातं, लूट गोळा करताना कधीच जात नाही.

टेलिग्रामवरच्या फुकट हॅकच्या फाईलबद्दल एवढंच सांगतो, ती टाकायला फोनची सुरक्षा बंद करायला लावतात आणि मग आत काय आलं ते तुला दिसत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाचं चार वर्षांचं अकाउंट असंच गेलं.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. कळंब्याकडचा एक पोरगा आमच्याकडं येतो, अकरावीला आहे, जायरोवर, म्हणजे फोन तिरका करून नेम धरत, असला रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका धरतो की बघत बसावं. एका लोकल स्पर्धेत तीन मॅच जिंकल्यावर सगळ्या लॉबीनं हॅकर म्हणून ओरडा केला आणि आयोजकांनी काही न तपासता त्याला काढला. त्या दिवशी समोरच्या दोन टीम एकाच हॉटस्पॉटवर खेळत होत्या, म्हणजे लॅग होण्यासारखंच होतं, हे मी डोळ्यानं बघितलं होतं आणि सांगितलंपण, कुणी ऐकलं नाही. पोरगा घरी गेला, पंधरा दिवस आलाच नाही.

आता येतो. येताना वडलांचा जुना फोन आणतो, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतो, बोटं पूर्ण दिसतात का ते दोनदा बघतो, हँडकॅम, म्हणजे हॅक नाही हे दाखवायला हातांचं रेकॉर्डिंग, चालू करतो आणि मगच मॅच लावतो. साधी प्रॅक्टिस असली तरी.